प्रेक्षक टिकवणारी कबड्डी स्पर्धा कशी आखावी : व्यावसायिक रग्बीच्या अनुभवावरून

विदर्भातल्या खुल्या कबड्डी सामन्यांचे फलक दरवर्षी मोठे होत आहेत आणि बक्षिसांचे आकडेही चढत आहेत. तरीही अंतिम सामन्याची रात्र सोडली तर मैदानाभोवतीची गर्दी पूर्वीसारखी राहिली नाही, अशी तक्रार अनेक क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते करतात. दोष बहुतेक वेळा मोबाइलला दिला जातो. परंतु त्याच गावचा माणूस शंकरपटाला दिवसभर उन्हात उभा राहतो आणि झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत पाहतो, तेव्हाही मोबाइल त्याच्या खिशातच असतो. म्हणून मंडळाने आधी आपल्या स्पर्धेची रचना तपासावी. त्यासाठी व्यावसायिक रग्बीचे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण गेल्या तीस वर्षांत त्या खेळाने आपल्या स्पर्धांची मांडणी इतक्या वेळा मोडली आणि पुन्हा उभारली आहे की कोणत्या निर्णयामुळे प्रेक्षक दुरावतात हे तेथे टप्प्याटप्प्याने पाहता येते.

पुढील मांडणी आर्वी किंवा दारव्हा यांसारख्या तालुक्यातील, एकमेकांपासून दुचाकीने तासाभराच्या आत असलेल्या आठ गावांची स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

संघ किती आणि कोणते

रग्बी युनियन हा खेळ ऑगस्ट १९९५ मध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाला. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडचे पाच, दक्षिण आफ्रिकेचे चार आणि ऑस्ट्रेलियाचे तीन अशा बारा संघांची ‘सुपर १२’ स्पर्धा सुरू झाली. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळे, गुणतक्ता एकच होता आणि पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात. शाळकरी मुलालाही समजेल अशी ती रचना होती. ती यशस्वी झाली म्हणून वाढवण्यात आली. २००६ मध्ये संघ चौदा झाले. २०११ मध्ये पंधरा झाले आणि देशनिहाय गट पडले. २०१६ मध्ये अर्जेंटिना व जपानचा प्रत्येकी एक आणि दक्षिण आफ्रिकेचा आणखी एक संघ घेऊन संख्या अठरावर गेली. आता सर्वांनी सर्वांशी खेळणे शक्य नव्हते, त्यामुळे चार गट पाडले गेले आणि कोणाच्या वाट्याला कोणते प्रतिस्पर्धी येतील हे नशिबावर जाऊ लागले. २०१७ मध्ये आपल्या गटात पहिला आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ब्रम्बीज संघाला ३४ गुणांवर घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व सामना मिळाला, आणि ५८ गुण मिळवलेल्या न्यूझीलंडच्या हरिकेन्सला तेथे पाहुणा म्हणून जावे लागले. त्याच हंगामात ऑस्ट्रेलियाच्या संघांनी न्यूझीलंडच्या संघांविरुद्धचे सर्व २६ सामने गमावले. ज्या सामन्याचा निकाल आधीच ठाऊक आहे आणि ज्या गुणतक्त्याचा अर्थ लागत नाही, त्यासाठी संध्याकाळ कोण खर्च करणार? २०१८ मध्ये संघ पुन्हा पंधरावर आणले गेले, करोनाच्या साथीनंतर दक्षिण आफ्रिकेचे मोठे संघ युरोपीय संघांबरोबर ‘युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप’मध्ये गेले, आणि २०२४ नंतर मेलबर्नचा संघ बंद पडल्यावर २०२५ ची हीच स्पर्धा, जिचे नाव आता ‘सुपर रग्बी पॅसिफिक’ आहे, अकरा संघांची झाली. सुरुवातीच्या बारापेक्षा हा आकडा एकाने कमीच आहे.

आपल्याकडील खुल्या स्पर्धांमध्ये हाच मोह प्रवेश फीच्या रूपाने येतो. चाळीस-पन्नास संघ घेतले की पैसा जमतो. मग सामने रात्री दोन वाजेपर्यंत ओढावे लागतात, आणि गावाला ज्यांचे नावही माहीत नाही असे दोन संघ रिकाम्या मैदानावर खेळून निघून जातात. म्हणून संघ आठच घ्यावेत. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले की अठ्ठावीस सामने होतात. रोज चार सामने घेतल्यास ते सात रात्रींत संपतात आणि प्रत्येक संघ प्रत्येक रात्री एकदा मैदानात उतरतो. या सात रात्री सात वेगवेगळ्या गावांना द्याव्यात आणि अंतिम रात्र आठव्या गावाला द्यावी. कोणत्या गावाला कोणती रात्र, हे स्पर्धेपूर्वी सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवावे. अंतिम सामना ज्या गावात आहे त्याचा संघ कदाचित अंतिम फेरीत नसेल, ही अडचण खरी आहे. पण ठिकाण आणि तारीख दोन महिने आधी ठाऊक असण्याचा फायदा तिच्यापेक्षा मोठा आहे. फ्रान्सच्या सर्वोच्च साखळीचा, म्हणजे ‘टॉप १४’चा, अंतिम सामनाही सहसा पॅरिसजवळच्या स्टाद दे फ्रान्स मैदानावरच होतो, अंतिम फेरीत कोणीही येवो.

आणखी संघ यायला उत्सुक असतील तर त्यांचा स्वतंत्र ‘ब’ गट करावा. मुख्य गट नऊ-दहा संघांचा करू नये.

प्रत्येक सामन्यावर काहीतरी अवलंबून असले पाहिजे

रचनेचा गाभा हाच आहे, म्हणून येथे घाई करू नये. सामना पाहायला आलेल्या माणसाला ‘आज हे हरले तर काय होईल?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात मिळाले पाहिजे. युरोपच्या क्लबांची ‘चॅम्पियन्स कप’ ही स्पर्धा एकेकाळी या बाबतीत नमुनेदार होती. २०२३-२४ पासून तिच्यात चोवीस संघ चार गटांत खेळतात, प्रत्येकाच्या वाट्याला गटातले चार सामने येतात आणि चोवीसपैकी सोळा संघ बाद फेरीत जातात. हिशेब मांडला तर अठ्ठेचाळीस सामने खेळून केवळ आठ संघ बाहेर काढले जातात, आणि त्या आठांपैकीही चार संघांना दुसऱ्या क्रमांकाच्या युरोपीय स्पर्धेत जागा मिळते. ‘सुपर रग्बी पॅसिफिक’मध्ये २०२२ ते २०२४ या काळात बारापैकी आठ संघ पुढे जात. २०२५ मध्ये ही संख्या सहावर आणली गेली, पण पहिल्या बाद फेरीत हरलेल्या तिघांपैकी साखळीत सर्वांत वर असलेल्याला उपांत्य फेरीत घेण्याची तरतूद ठेवली. त्यामुळे साखळीत पहिला आलेला चीफ्स संघ ब्लूजकडून १९-२० असा हरला, तरीही पुढे गेला आणि थेट अंतिम सामन्यात पोचला. तेथे क्रुसेडर्सने त्याला १६-१२ ने हरवले. साखळीत पहिला येणाऱ्याला संरक्षण द्यावे हा हेतू योग्य आहे, पण ज्या सामन्याला बाद फेरी म्हणायचे त्यात हरणारा बाद झालाच पाहिजे. अन्यथा प्रेक्षकाची फसवणूक होते, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आठ संघांच्या स्पर्धेत फक्त पहिले तीन संघ पुढे जावेत. पहिला संघ थेट अंतिम सामन्यात जावा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या संघाने अंतिम रात्रीच आधी एकमेकांशी खेळून दुसरा स्पर्धक ठरवावा. एका संध्याकाळी दोन सामने खेळण्याची आपल्या खेळाडूंना सवय असते. तरीही अंतिम सामन्यात पहिल्या क्रमांकाचा संघ ताजातवाना उतरतो आणि साखळीत पहिले येण्याचे मोल सर्वांना दिसते. या दोन सामन्यांमध्ये किमान सव्वा तासाचे अंतर ठेवावे.

तळाच्या संघांचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही. चार सामने हरलेला संघ पाचव्या रात्री अर्ध्या खेळाडूंनिशी येतो आणि त्याच्या गावची माणसे तर येतच नाहीत. फ्रान्सने याचे उत्तर चांगले शोधले आहे. ‘टॉप १४’मधला चौदावा संघ थेट खालच्या श्रेणीत जातो, आणि तेरावा संघ खालच्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघाशी एकच सामना खेळतो, जो जिंकेल तो पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत. त्यामुळे हंगामाच्या शेवटी तळाच्या सामन्यांना शिखरावरच्या सामन्यांइतकीच चुरस येते. आपल्या स्पर्धेत आठव्या क्रमांकाच्या संघाचा सामना ‘ब’ गटाच्या विजेत्याशी अंतिम रात्रीच्या सुरुवातीला ठेवावा. आपले गाव पुढच्या वर्षी मुख्य गटात असेल की नसेल हे ठरणार असेल, तर म्हातारी माणसेही घोंगडी घेऊन येऊन बसतील.

गुणपद्धतीतही हाच विचार करावा. रग्बीच्या बहुतेक स्पर्धांत विजयाला चार आणि बरोबरीला दोन गुण असतात, शिवाय सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्याला एक बोनस गुण मिळतो. फ्रान्समध्ये हीच मर्यादा पाच गुणांची आहे. प्रो कबड्डीनेही अनेक हंगाम विजयाला पाच, बरोबरीला तीन आणि सात किंवा कमी गुणांच्या फरकाने झालेल्या पराभवाला एक गुण दिला. या बोनसमुळे वीस गुणांनी मागे पडलेला संघही शेवटच्या चढाईपर्यंत झुंजतो. आपण प्रो कबड्डीची ती पद्धत घ्यावी, मात्र आणखी बोनस जोडू नयेत. गुणतक्ता चहाच्या टपरीवर तोंडी मांडता आला पाहिजे.

बिनमहत्त्वाच्या सामन्यांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय रग्बीलाही टाळता आलेला नाही. जुलै आणि नोव्हेंबरमधील देशादेशांचे सामने वर्षानुवर्षे केवळ मैत्रीपूर्ण सामने म्हणून खेळले गेले. ‘नेशन्स चॅम्पियनशिप’ ही नवी स्पर्धा २०२६ पासून त्यासाठीच आखण्यात आली. तिच्यात उत्तरेचे सहा आणि दक्षिण गटातले सहा देश एकमेकांशी खेळतील, त्यांच्या गुणांचे तक्ते असतील आणि शेवटी लंडनमध्ये अंतिम सामने होतील, अशी ही मांडणी आहे. सामने जवळजवळ तेच आहेत. त्यांना परिणाम जोडला गेला, एवढाच फरक.

संघ गावाचाच असावा

दक्षिण फ्रान्समधल्या कास्त्र या गावाची वस्ती सुमारे चाळीस हजार आहे, म्हणजे आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी. त्या गावाच्या संघाने २०१३ आणि २०१८ मध्ये ‘टॉप १४’ जिंकली. याउलट १८६७ मध्ये लंडन परिसरात स्थापन झालेला वॉस्प्स हा क्लब आधी शहराबाहेर वायकम येथे गेला, पुढे २०१४ मध्ये मोठे मैदान विकत मिळाले म्हणून दूरच्या कॉव्हेंट्रीला गेला, त्यासाठी साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे काढले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाला. माइक टिंडल या इंग्लंडच्या माजी खेळाडूच्या पुढाकाराने मांडलेली ‘आर ३६०’ ही जगभर फिरणारी नवी साखळीही पैशाच्या बळावर खेळाडू जमवून संघ उभारण्याचाच बेत आहे. आठ देशांच्या रग्बी संघटनांनी तिच्यात खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघात घेणार नाही असे २०२५ मध्ये जाहीर केले आणि तिची सुरुवात २०२८ पर्यंत लांबणीवर पडली. खेळाडू विकत मिळतात, पण ‘आपला संघ’ म्हणणारी माणसे मिळत नाहीत.

गावाच्या नावाने उतरलेल्या संघात सातपैकी पाच खेळाडू बाहेरून पैसे देऊन आणलेले असतील, तर त्या गावाचा माणूस काही काळ टाळ्या वाजवतो आणि मग घरी जातो. फ्रान्समध्ये प्रत्येक क्लबला सामन्यांसाठी निवडलेल्या चमूंमध्ये फ्रान्सच्या अकादमींत घडलेल्या खेळाडूंची ठरावीक सरासरी राखावी लागते. आपला नियम याहून सोपा असावा. नोंदवलेल्या बारा खेळाडूंपैकी दहा जण त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीतील रहिवासी असावेत, दोन बाहेरचे चालतील, आणि मैदानात एका वेळी बाहेरचा एकच असावा. पुरावा म्हणून आधार कार्ड आणि शाळेचा दाखला अशी दोन्ही कागदपत्रे पाहावीत. भाचा, मेहुणा, साळा या नात्यांवर सूट देऊ नये. सूट दिली की प्रत्येक नामांकित चढाईपटू कोणाचा ना कोणाचा भाचा निघतो, हे वेगळे सांगायला नको. पुण्या-नागपूरला कामाला गेलेल्या गावच्या मुलांना मात्र गावचेच समजावे, कारण त्यांच्या येण्यानेच गावात चर्चा सुरू होते.

नियम केला की त्याची शिक्षाही आधीच लिहून ठेवावी. इंग्लंडमध्ये सॅरासन्स या बलाढ्य क्लबने खेळाडूंच्या पगाराची मर्यादा ओलांडली, तेव्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याचे ३५ गुण कापले गेले, पन्नास लाख पौंडांहून अधिक दंड झाला आणि हंगामाअखेर त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले. विजेत्या संघावरही कारवाई होते हे दिसल्याखेरीज दुबळी गावे नियमावर विश्वास ठेवत नाहीत.

पैसा

येथे थोडक्यातच सांगणे पुरेसे आहे. इंग्लंडच्या ‘प्रीमियरशिप’ या सर्वोच्च साखळीने आपला २७ टक्के वाटा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला वीस कोटी पौंडांहून अधिक रकमेस विकला, तरीही त्यानंतर काही वर्षांतच वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब कोसळले आणि साखळी तेरा संघांवरून दहावर आली. एकदाच येणारा पैसा दरवर्षीच्या खर्चाला पुरत नाही. आपल्याकडे हा पैसा निवडणुकीच्या वर्षी येतो. पहिले बक्षीस लाखाच्या घरात जाहीर होते, पुढच्या वर्षी देणगीदार फिरकत नाही, आणि बक्षीस घटले म्हणून चांगले संघही येत नाहीत. म्हणून बक्षिसाचा आकडा गावाच्या वर्गणीतून आणि स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींतून दरवर्षी नक्की निघेल एवढाच ठेवावा. अधिक रक्कम मिळाल्यास ती बक्षिसात न घालता आठही संघांचा प्रवास, जेवण आणि प्रकाशव्यवस्था यांवर समान वाटावी.

वेळ आणि हंगाम

‘सुपर रग्बी’ जोहान्सबर्गपासून ऑकलंड, टोकियो आणि बुएनोस आयर्सपर्यंत पसरली, तेव्हा अनेक सामने प्रेक्षकांच्या झोपेच्या वेळी होऊ लागले. इंग्लंड आणि फ्रान्सच्या क्लबांपुढे दुसरीच अडचण आहे : ‘सिक्स नेशन्स’ ही युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा चालू असताना उत्तम खेळाडू देशासाठी खेळतात आणि क्लबचे काही सामने त्यांच्याविना उरकले जातात. स्पर्धा अशा काळात ठेवावी की खेळाडू आणि प्रेक्षक दोघेही मोकळे असतील. हा नियम दिसायला साधा आहे, पण पाळला क्वचितच जातो.

पश्चिम विदर्भात सोयाबीनची काढणी आटोपल्यावर कापसाची वेचणी सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत ती भरात असते. जानेवारीत तूर निघते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा येतात आणि पाठोपाठ लगीनसराई. एप्रिलनंतरच्या उन्हाबद्दल तर बोलायलाच नको. त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून पुढचे साधारण तीन आठवडे हाच सर्वांत सोयीचा काळ ठरतो. पूर्व विदर्भात, म्हणजे ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा अर्जुनी मोरगावकडे, धान निघाल्यावर सवड मिळते, पण तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम असतो. नाटकाच्या रात्री सामने ठेवू नयेत. किंवा गावात नाटक असेल त्या दिवशी दुपारी चारला सामने सुरू करून नाटकाआधी संपवावेत, म्हणजे बाहेरगावची पाहुणेमंडळीही प्रेक्षक म्हणून मिळतील.

आणखी एक गोष्ट फलक छापण्यापूर्वीच तपासावी. जेथे कृषिपंपांना अजून पाळीने दिवसा आणि रात्री वीज मिळते, तेथे रात्रपाळीच्या आठवड्यात निम्मे शेतकरी हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी देण्यासाठी शेतात असतात. महावितरणच्या स्थानिक कार्यालयातून आपल्या फीडरचे, म्हणजे वीजवाहिनीचे, वेळापत्रक घ्यावे आणि दिवसपाळीचा आठवडा निवडावा. सातही रात्री सलग घेण्याऐवजी शुक्रवार ते रविवार अशा तीन-तीन रात्री घेणे अधिक बरे, कारण शहरात कामाला गेलेली मुले तेव्हाच गावी येऊ शकतात. अशा रीतीने तिसऱ्या आठवड्याअखेर स्पर्धा संपते.

पहिला सामना संध्याकाळी बरोबर साडेपाच वाजता सुरू करावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे आणि थंडीही वाढते. प्रत्येकी वीस मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची विश्रांती धरून एका सामन्याला पंचावन्न मिनिटे द्यावीत, म्हणजे चार सामने आणि मधला मुलींचा छोटा सामना पावणेदहापर्यंत बसतात. रग्बीच्या ऐंशी मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात साधारण पस्तीस मिनिटेच असतो. या रेंगाळण्यावर उपाय म्हणून ‘सुपर रग्बी’ने किक घेण्यास आणि स्क्रम, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांनी एकमेकांना रेटण्याची रचना, लावण्यास घड्याळ लावले. आपल्याकडे चढाईला तीस सेकंदांचे घड्याळ आहेच. वेळ जातो तो प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्यात आणि सत्कारांत. सत्कार फक्त अंतिम रात्री, तोही अंतिम सामन्याआधीच्या मोकळ्या वेळात करावा, आणि साडेपाच वाजता पाहुणे आलेले नसले तरी पंचांनी शिटी वाजवावी.

मुलींचा सामना

२७ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर इंग्लंड आणि कॅनडा यांच्यातला महिला रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना ८१,८८५ लोकांनी पाहिला. ज्या देशात पुरुषांचे तीन क्लब नुकतेच बंद पडले, त्याच देशातली ही गर्दी आहे. आपल्या स्पर्धेत प्रत्येक रात्री तिसरा सामना संपल्यावर यजमान गाव आणि शेजारचे गाव यांच्या शाळकरी मुलींचा दहा-दहा मिनिटांचा सामना ठेवावा आणि त्यासाठी वेळापत्रकात पंचवीस मिनिटे राखावीत. त्यासाठीच पहिला सामना साडेपाचला घ्यायचा आहे. मुलींचा सामना सर्वांत आधी उरकून टाकू नये. घरातली लेक खेळणार असली की बायकाही येतात, आणि बसायला सतरंजीची स्वतंत्र, उजेडातली जागा असली तर शेवटचा सामना संपेपर्यंत थांबतात.

नियमपत्रिका

हे सर्व एका कागदावर लिहून आठही गावांच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावावे आणि प्रत्येक संघाच्या कप्तानाची त्यावर सही घ्यावी. दोन बाबी विसरू नयेत. पहिली, समान गुण झाल्यास क्रम कसा लावायचा : आधी त्या दोन संघांमधील सामन्याचा निकाल, मग एकूण गुणफरक, मग चिठ्ठी. दुसरी, एखादा संघ मध्येच स्पर्धा सोडून गेला तर काय करायचे. २०२२-२३ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स हंगामाच्या मध्येच बंद पडले, तेव्हा त्यांचे झालेले सामने गुणतक्त्यातून काढून टाकले गेले आणि उरलेल्या संघांच्या वेळापत्रकात मोकळे आठवडे पडले. आपणही निघून गेलेल्या संघाचे सर्व निकाल रद्द धरावेत, म्हणजे कोणालाही आयते गुण मिळणार नाहीत. त्याच्या रिकाम्या जागी त्या रात्री ‘ब’ गटातला एक सामना घ्यावा, आणि त्यासाठी ‘ब’ गटातील दोन संघांना प्रत्येक रात्री तयार राहण्याची सूचना पहिल्याच बैठकीत द्यावी.